अंगणातला गिअरबॉक्स

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं जुन्या शेव्हरोले पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, की गॅरेजचं बिल कधी कधी ट्रकच्या किमतीला भिडतं. म्हणून अनेक मालक घराच्या अंगणातच ट्रक स्टँडवर चढवतात, जुना 4एल60-ई गिअरबॉक्स उतरवतात आणि दुरुस्त केलेला बसवतात. त्यांना हौशी म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे.

काम सोपं मुळीच नाही. तेल काढूनही हा गिअरबॉक्स साठ किलोंच्या पुढे भरतो. त्याखाली झोपून नुसत्या जॅकच्या भरवशावर राहणं म्हणजे जिवाशी खेळ. खरी मेख आहे इंजिनाची फिरकी तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची. तो फिरवत फिरवत गिअरबॉक्समध्ये सरकवावा लागतो आणि टप्प्याटप्प्यानं बसतो. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढला, तर आतला तेलपंप इंजिन सुरू होण्याआधीच फुटू शकतो. गिअरबॉक्स हातानं ढकलून इंजिनाला टेकला पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. तेलाच्या कूलरच्या नळ्या धुतल्या नाहीत, तर जुन्या गिअरबॉक्सचा चुरा नव्यात शिरतो.

एवढं सारं मालक शिकतो, कारण त्याला माहिती मिळते. कंपन्यांनी ही माहिती खुली करावी, या दुरुस्तीच्या हक्काला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2012 मध्ये कौल दिला. गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी 2020 मध्ये पुन्हा दिला. जुन्या ट्रकला पाना पुरतो. नव्या गाड्यांत मात्र गिअरबॉक्स बदलल्यावर अनेकदा कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंगही करावं लागतं. त्याची साधनं मालकाला आणि गल्लीतल्या मेकॅनिकला रास्त दरात मिळालीच पाहिजेत.