कुणासाठी धावतेस?

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण सगळ्याजणी ऐकत मोठ्या झालो. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे आणि खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं, अशी ती कथा. पण मैत्रिणींनो, जरा वेगळा विचार करून बघा. हीच हिरकणी एखाद्या पहाटे बाळाला सासूपाशी ठेवून, ‘बघू तरी हा कडा आपल्याला चढता येतो का’ म्हणत निघाली असती, तर? बुरूज राहू द्या, गावानं चार शब्द तरी बरे बोलले असते का?

हे आत्ताच आठवायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीची एक शिक्षिका. कऱ्हाडकडची, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. सध्या ती डोंगर धावते. डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी, दगडगोट्यांतून, चढउतारावरून धावायचं, याला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. मॅरेथॉन असते ४२ किलोमीटर १९५ मीटरची. त्याहून लांब अंतराची शर्यत ती अल्ट्रा मॅरेथॉन. आपल्याकडे सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ डिसेंबरात होते. गेल्या वर्षी हिनं त्यातलं २५ किलोमीटरचं अंतर पुरं केलं. यंदा तिच्या डोळ्यांसमोर आहे ५३ किलोमीटर.

बक्षिसाची आशा? छे! पहिल्या शंभरात येण्याचीही नाही. दिलेल्या वेळेत, स्वतःच्या पायांवर, शेवटपर्यंत पोचायचं, एवढंच. आणि नेमकं हेच लोकांना पचत नाही. पहाटे साडेपाचला आगाशिवच्या डोंगराकडे निघाली की कुणीतरी विचारणारच, “मॅडम, शुगर निघाली की काय?” शुगर नाही, वजनही बेताचंच, मग कशाला एवढी यातायात? तिच्याबरोबर कधीमधी एक कॉलेजातली मुलगी येते, तिला विचारतात, “पोलीस भरती का?” बाईमाणसाच्या धावण्याला काहीतरी कारण लागतंच. आजार चालतो, नोकरी चालते. ‘मला आवडतं’ हे मात्र कारण होत नाही.

आठवून बघा, आपण कुणाकुणाचं कौतुक केलं. बारामतीच्या लता करे यांनी २०१३ साली साठी उलटलेली असताना नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी शर्यत जिंकली. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. सगळा महाराष्ट्र हेलावला, पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्या कौतुकात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की बाई दुसऱ्या कुणासाठी धावली तर ती थोर. आमची शिक्षिका कुणासाठीच धावत नाही. म्हणूनच तिची गोष्ट मला जास्त अवघड वाटते.

आता तिचा हंगाम कसा जातो ते बघा. डिसेंबरातल्या शर्यतीची तयारी जूनपासून सुरू होते. पावसाळ्यात चढ पक्के करायचे. त्या दिवसांत वाटेवर शेवाळं, कातळ निसरडे, कारवीच्या रानातून पुढचं दिसत नाही. तेव्हा वेगाचं नावच काढायचं नाही, पाय टाकायला शिकायचं. मग पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत उतरायचं, एकूण २१ किलोमीटर. यंदा तिनं ती मुद्दाम शांतपणे केली, कारण तिच्या लेखी ती परीक्षा नव्हती, सराव होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात जड आठवडे येतात. शनिवारी लांब धावायचं आणि दुसऱ्या दिवशी थकल्या पायांनी पुन्हा डोंगर गाठायचा. शर्यतीच्या उत्तरार्धात पाय कसे असतील, याची शरीराला आधीच ओळख करून द्यायची. शेवटचे दोन-तीन आठवडे मात्र अंतर कमी करत आणायचं आणि झोप काढायची.

आता या वेळापत्रकाशेजारी आपलं दुसरं वेळापत्रक ठेवा. श्रावण, मंगळागौर, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. सह्याद्रीत धावायचे दिवस आणि घरातल्या बाईनं सगळ्यात जास्त राबायचे दिवस अगदी एकच! गौरीच्या जेवणाला पंचवीस पानं असतात त्याच आठवड्यात डोंगरावर वीस किलोमीटर लिहिलेले असतात. दिवाळीच्या आदल्या रविवारी चकल्यांचा घाणा असतो, तोच तिचा सर्वांत लांब पल्ल्याचा रविवार. पुरुष धावतात तेव्हाही दिवाळी येतेच, पण त्यांच्या धावण्याच्या आड चकली येत नाही. उलट दमून आलेल्या धावपटूपुढे ताटली येते.

केंद्र सरकारनं २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरात बिनमोल कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ त्या कामांत जातो, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. या दोन आकड्यांत तीन तास एकवीस मिनिटांचा फरक आहे. तेवढ्या वेळात एखादा मध्यम किल्ला चढून-उतरून होतो. बायकांना दम नसतो असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब पुढे ठेवायला हरकत नाही.

दम नसतो, हे मात्र जगानं फार काळ धरून ठेवलं होतं. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या आणि ‘त्यांना झेपत नाही’ म्हणून ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. दक्षिण आफ्रिकेत ‘कॉम्रेड्स’ ही सुमारे ९० किलोमीटरची जुनी शर्यत आहे. आपल्या पुण्या-मुंबईचे धावपटूही आता तिथं जातात. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईंनी तिथं प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. त्या तशाच धावल्या आणि बारा तासांच्या आत पोचल्यासुद्धा. पदक देता येत नव्हतं, म्हणून बघ्यांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली. कशाची? तर चांदीच्या चहाच्या सेटची! नव्वद किलोमीटर धावून आलेल्या बाईच्या हातात शेवटी किटलीच! बायकांना तिथं अधिकृतपणे धावू द्यायला १९७५ साल उजाडावं लागलं.

अलीकडच्या काळातलं एक उदाहरण तर हिरकणीच्या शेजारी ठेवावं असं आहे. ब्रिटनमधल्या जॅस्मिन पॅरिस या पशुवैद्य आहेत, धावणं हा त्यांचा पेशा नाही. जानेवारी २०१९ मध्ये ‘स्पाइन रेस’ ही सुमारे ४३० किलोमीटरची शर्यत त्यांनी ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. बायकांत पहिल्या नव्हे हं, सगळ्यांत पहिल्या. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतल्या थांब्यांवर त्या अंगावरचं दूध काढत होत्या. बातम्यांत त्या दुधाचीच चर्चा जास्त झाली. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतली ‘बार्कली’ ही भयंकर अवघड शर्यत पुरी करणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. ६० तासांची मुदत होती, त्यातले ९९ सेकंद उरले होते. या वेळी दुधाचा विषय नव्हता. काटेरी झुडपांनी ओरबाडलेले पाय घेऊन ती बाई जमिनीवर कोसळली, तो फोटो बघा कधीतरी. मला तो फोटो अधिक आवडतो. त्यात ती कुणाची आई म्हणून दिसत नाही.

असो. उदाहरणं परदेशातली, शरीर मात्र आपलं. आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं, कारण या खेळात सगळ्यात मोठी गफलत घाटात होत नाही, स्वयंपाकघरात होते. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही आपली सवय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात पाळीतून जाणारं रक्त, वर लांब धावण्याचा ताण. आधी हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा, तो ‘फेरिटिन’ नावाच्या चाचणीत कळतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि पालेभाजीवर लिंबू पिळलं तर जास्त शोषलं जातं, एवढं साधं तरी लक्षात ठेवावं. खर्च जास्त आणि खाणं कमी असं बराच काळ चाललं तर पाळी अनियमित होते, थांबते, हाडं ठिसूळ होतात. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन धोक्याचा इशारा दिला. ‘धावायला लागल्यापासून पाळीची कटकटच गेली’ असं कुणी आनंदानं सांगितलं, तर तिला डॉक्टरकडे धाडा.

नवरात्राचे उपवास हा आमच्या शिक्षिकेपुढचा खरा पेच होता. नऊ दिवस साबुदाणा आणि वर डोंगर, हे जमायचं नाही. वाद होईल या भीतीनं तिनं बरेच दिवस विषयच काढला नाही. शेवटी काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग उठता-बसता कर. देवी काय तुझे पाय मोजायला बसलीय?” प्रश्न मिटला. प्रत्येक घरात असा सहज मिटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय कुठल्याच घरात मिटत नाही.

वाटेत खायचं काय, याचीही तालीम लागते. तासाभरापुढे धावायचं असेल तर थोडंथोडं खात राहावं लागतं आणि पोटाला त्याची सवय करावी लागते. महागड्या पाकिटांतलंच खावं असं काही नाही. तिच्या पाठीवरच्या पिशवीत खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे असतात. पाण्यात लिंबू, साखर, मीठ. घाम जात असताना नुसतं साधं पाणीच ढसाढसा पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन जिवावर बेतू शकतं. बुटांत मात्र काटकसर नको. मेक्सिकोच्या लोरेना रामिरेझ यांनी २०१७ मध्ये घागरा आणि सपाता घालून ५० किलोमीटरची शर्यत जिंकली हे खरं, पण त्या लहानपणापासून तशाच डोंगरांत वावरलेल्या. आपल्याकडच्या घसाऱ्यावर पकडीचे बूटच हवेत. कपडे कुठले, हा प्रश्न गावाला पडतो तेवढा पायांना पडत नाही. आमची शिक्षिका पंजाबी ड्रेसवरच धावायला लागली होती.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर उतारावर धावताना लघवीचे थेंब गळतात. कित्येकजणी तेवढ्यासाठी धावणं सोडून देतात. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात आणि त्यानं बहुतेकींना फरक पडतो. लाजायचं काय त्यात?

राहता राहिली परवानगी. शब्द आपल्याला आवडत नाही, पण व्यवहार तोच आहे. तिचे यजमान चांगले आहेत, अडवत नाहीत. पण ‘अडवत नाहीत’ आणि ‘हात देतात’ यांत अंतर आहे. पहिल्या वर्षी ती पहाटे चारला उठून पोळीभाजी करून मग निघायची, म्हणजे घरात कुणाला तक्रारीला जागा नको. झोप पाच तास. गुडघा धरला तो त्या वर्षी, आणि फिजिओथेरपिस्टनं गुडघ्याआधी झोपेचीच चौकशी केली. या वर्षी शनिवार-रविवारचा नाश्ता घरातले तिघं मिळून करतात. पोहे कधी गिच्च, कधी कोरडे. ती काही बोलत नाही, खाते.

तोरण्यापर्यंत पोचेल का ती? सांगता येत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार भल्याभल्यांचे पाय बांधून ठेवते. आणि नाही पोचली तर? तर काही नाही. पुढच्या जूनला पुन्हा पाऊस पडेलच.

वाचणाऱ्या तुमच्यातली एखादी म्हणेल, आमच्या गावात कुठली आलीय शर्यत! शर्यत नसेल, पण टेकडी, किल्ला, डोंगरावरचं देऊळ, काहीतरी असेलच. जोतिबाला, सप्तशृंगीला, जेजुरीला आपण चढतोच की. सुरुवात चालण्यानं करा, चढावर तर अल्ट्रावालेही चालतात. एकटीनं जाऊ नका, तिघीचौघी जमवा. फोन जवळ ठेवा, किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघा. आणि एक. ‘येताना मंडईतून भाजी घेऊन येते’ हे वाक्य उंबऱ्यावर म्हणायचं नाही. भाजी त्या दिवशी दुसरं कुणीतरी आणेल.