सर्टिफिकेट हातात, नाव कुठल्या रजिस्टरात?



आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी एक नवा फलक लागलाय. 'बारावी नापास? चिंता सोडा! सहा महिन्यांत मेडिकल असिस्टंट व्हा. शंभर टक्के नोकरी.' फलकावर गळ्यात स्टेथास्कोप घातलेली गोरीपान पोरगी हसतेय. हा फलक मलबार हिलच्या पोरांसाठी नाही. तो तुमच्या-माझ्यासाठी आहे. आई धुण्याभांड्याला जाते, बाप नाक्यावर उभा राहतो, त्यांच्या पोरांसाठी आहे. आणि आपली पोरं रांग लावतायत.

आपल्यातलेच काही शिकलेसवरलेले, ब्लॉकमध्ये राहायला गेलेले पांढरपेशे म्हणतात, 'काय ती इस्पितळातली हलकी कामं! बाबासाहेबांनी सांगितलं ना घाण उपसू नका म्हणून.' त्यांना आधी निकालात काढतो. रोग्याची सेवा हलकी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्याच प्लेगानं त्या गेल्या. ते काम हलकं होतं? मग ते कुणी हलकं केलं, ते विचारा.

ज्या मनुस्मृतीला २५ डिसेंबर १९२७ ला महाडात काडी लावली, तिच्या चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न निषिद्ध ठरवलंय. त्याचं अन्न म्हणजे पू, असं तिथं लिहिलंय. रोग्याला हात लावणारा वैद्यसुद्धा विटाळलेला! पुढं १८४५ ला मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. डॉक्टरकीला पैसा आला, मान आला. मग वरच्या जाती डॉक्टर झाल्या की नाही? झाल्या. तो विटाळ कुठं गेला मग? हवेत विरला? नाही राजा, तो खाली ढकलला. डॉक्टरकडून नर्सकडे, नर्सकडून वॉर्डबॉयकडे, वॉर्डबॉयकडून झाडूवाल्याकडे. १९३६ साली बाबासाहेबांनी सांगितलं की जात ही नुसती श्रमांची वाटणी नाही, ती श्रमिकांची वाटणी आहे, आणि एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या एका वॉर्डात तासभर उभे राहा. पुस्तक उघडायची गरज पडणार नाही.

रात्री अडीचला कॅज्युअल्टीत या. दारू पिऊन डोकं फोडून घेतलेला माणूस आलाय. त्याला धरतो कोण, जखम धुतो कोण? टाकेसुद्धा मामानं घातलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. केसपेपरवर सही मात्र साहेबाची. जखम भरली तर डॉक्टरचा हात गुणी. जखम चिघळली तर मामा सस्पेंड. आणि मुडदाघरात? करवत चालवणारा हात बहुधा आपल्याच माणसाचा असतो. साहेब नाकाला रुमाल लावून मजकूर सांगतो. चाळीस वर्षं प्रेतं उघडलेल्या माणसाला शरीर ठाऊक असतं, पण त्याचं ज्ञान कुठल्या कागदावर चढत नाही. कागदावर तो 'सफाई कामगार'.

आता करिअरचं बोलू. माझा बाप सरकारी इस्पितळात सफाईला लागला. शाळा चौथी. सर्टिफिकेट कसलंच नाही. पण नोकरी कायम, फंड, रजा, राहायला खोली, तो गेल्यावर आईला पेन्शन. मी बारावी पास, वर असिस्टंटचं सर्टिफिकेट. फीसाठी आईनं बोरमाळ मोडली. मी लागलो एका खाजगी इस्पितळात, ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या कागदावर. ड्यूटी बारा तास. अकरा महिने भरले की चार दिवस घरी, मग परत नवा कागद. सहा वर्षं झाली, पण माझी नोकरी कधी अकरा महिन्यांपेक्षा जुनी होतच नाही! बापाला 'मामा' म्हणायचे, मला 'पेशंट केअर असिस्टंट' म्हणतात. काम काय? भांडं देणं, चादर बदलणं, उलटी पुसणं, प्रेत बांधून खाली नेणं. एका पिढीत नाव इंग्रजी झालं आणि पेन्शन गेली. ह्याला म्हणायचं कौशल्य विकास.

सरकारचं बघा. ३ मे २०२० ला हवाई दलानं इस्पितळांवर फुलं टाकली. ती फुलं गोळा करून टोपलीत कुणी भरली, ते कुठल्या चॅनेलनं दाखवलं नाही. १८ जून २०२१ ला पंतप्रधानांनी कोविडसाठी एक लाख माणसांना झटपट शिकवायचा कार्यक्रम काढला. दोन-तीन महिन्यांचे कोर्स, सहा प्रकारची कामं: घरी रोगी सांभाळण्यापासून नमुने गोळा करण्यापर्यंत. साथ ओसरली तशी ठिकठिकाणच्या कंत्राटी पोरापोरींना 'या आता' म्हणाले. साथ संपते, सर्टिफिकेट उरतं. ते फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायचं, एवढंच.

त्याच २०२१ साली संसदेनं सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. लॅब, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, एक्सरे, डॉक्टरचा प्रशिक्षित सहाय्यक, असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्याच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी आयोग, राज्यांत परिषदा, आणि मुख्य म्हणजे रजिस्टर. ही चांगली गोष्ट आहे, मी तिला शिव्या घालत नाही. पण अट वाचा: डिप्लोमा किंवा डिग्री, किमान दोन हजार तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या सहा महिन्यांच्या पोराला त्या रजिस्टरात जागा नाही. शिडी उभी केली, पण तिची पहिली पायरी आपल्या डोक्याच्या वर लावली. खाली आपण, हातात लॅमिनेशन केलेला कागद.

आणि २०२० ची कामगार संहिता? तिनं आस्थापनेच्या गाभ्याच्या कामाला कंत्राटी कामगार नको म्हटलं. लगेच व्याख्येत लिहिलं की साफसफाई गाभ्याचं काम नाही, आस्थापना सफाईसाठीच उभी असेल तर गोष्ट वेगळी. वा रे वा! ऑपरेशनची खोली आठ दिवस पुसू नका, मग बघू कुणाची शस्त्रक्रिया गाभ्याची राहते. गावाचा गाभा वेशीच्या आत आणि आम्ही वेशीबाहेर, ही आखणी कुणाची ते आम्हाला शिकवू नका.

आता कडू घोट. ह्या सर्टिफिकेटच्या दुकानांतली काही आपल्याच पुढाऱ्यांची आहेत. संस्थेला नाव रमाईचं नाहीतर भीमरायाचं. दोन खोल्या, एक प्लास्टिकचा सांगाडा, एक बी. पी. चं मशीन. फी रोख घेतात, पावती साध्या कागदावर देतात. १४ एप्रिलला ह्यांचाच डी. जे. सगळ्यात मोठा. आपल्याच आयांच्या बोरमाळा मोडून महापुरुषांचे पुतळे उभारणाऱ्यांना आता वस्तीतच जाब विचारला पाहिजे.

म्हणून पोरांनो, पोरींनो, शिकू नका असं मी म्हणत नाही. शिका. पण फी भरायच्या आधी काउंटरवर उभं राहून विचारा: हा कोर्स कुठल्या कायद्याखाली मान्य आहे? किती तासांचा? प्रत्यक्ष काम कुठल्या इस्पितळात शिकवणार? माझं नाव कुठल्या परिषदेच्या रजिस्टरात चढणार? ह्यानंतर पुढं कुठल्या वर्गाला प्रवेश मिळेल? आणि शेवटचा प्रश्न, ज्यानं निम्मी दुकानं उघडी पडतील: भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू आहे का? १९४४ पासून ती आपल्या हक्काची आहे, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेतल्या मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. 'नाही' म्हणाले तर पाठ फिरवा. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डायलिसिस, ओ. टी., दोन वर्षांचं ए. एन. एम., तीन वर्षांचं जी. एन. एम.: वेळ लागतो, पण त्या वाटेवर पद आहे, बढती आहे, नावापुढं नोंदणीचा नंबर आहे. तो नंबर असला की ठेकेदाराचा मुकादम तुम्हाला 'ए पोरा' म्हणताना एकदा थांबतो.

जे आधीच त्या कागदावर राबतायत त्यांचं काय? त्यांच्यासाठी लढायचं. आपल्या मागण्या:

१. वॉर्डातल्या प्रत्येक मदतनिसाची सरकारी रजिस्टरात नोंद करा. त्यानं राबलेले तास मोजा आणि डिप्लोम्याच्या तासांत धरा.

२. बारमाही कामाला बारमाही नोकरी द्या. अकरा महिन्यांचा खेळ बंद.

३. शिकाऊ म्हणून राबवता, तर विद्यावेतन द्या. फुकट ड्यूटीला शिक्षण म्हणू नका.

४. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत कचरा हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं मालकावर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारालाही ती टोचा, आणि टोचल्याचा कागद त्याच्या हातात द्या.

५. मान्यता नसलेल्या दुकानांना कुलूप लावा आणि पोरांची फी परत करा. दुकान कुणाच्याही नावाचं असो.

ह्या मागण्या निवेदनात लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवल्या तर त्यांच्यावर चहाचा कप ठेवला जाईल. मामा, मावशी, सिस्टर, टेक्निशियन, झाडूवाला, मुडदाघरवाला एका युनियनीत आले, एका सकाळी सगळ्यांनी मिळून हात बांधून दारात उभे राहिले, तर दुपारपर्यंत कळेल इस्पितळाचा गाभा कुठं असतो ते.

आम्हाला मेहरबानीचा पांढरा डगला नको. रजिस्टर उघडा, आमचं नाव लिहा.