राजा गॉथ, दप्तर लॅटिन

इ.स. ४७६ मध्ये पश्चिम रोमचा सम्राट पदच्युत झाला. लॅटिन लेखणीने फक्त धनी बदलला. गॉलमधल्या सिडोनियस या कवीची कुरकुर त्याआधीचीच: केसांना खवट लोणी चोपडणारे, भल्या सकाळी लसूण-कांद्याचा भपकारा सोडणारे सात फुटी जर्मानिक बर्गंडियन उरावर बसले असताना सहा गणांची ओळ सुचणार कशी? गंमत म्हणजे हे रडगाणंही त्याने वृत्तातच गायलं; अकरा अक्षरी, चोख!

इटलीत कॅसिओडोरसने गॉथ राजा थिओडोरिकच्या नावाने भारदस्त लॅटिन पत्रं लिहिली. त्याच राजाच्या कैदेत बोएथियसने ‘तत्त्वज्ञानाचं सांत्वन’ लिहिलं. या काळाला लावलेलं ‘अंधारयुग’ हे लेबल आम्हाला म्हणूनच आळशीपणाचं वाटतं. हा अंक या दरबारी, तुरुंगातल्या आणि कुरकुऱ्या लेखकांचा आहे.