अम्मीची साक्ष

गेल्या वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. मी स्वतःत मग्न नसतो; उलट आजूबाजूचा प्रत्येक आवाज एकाच वेळी डोक्यात शिरतो.

मी मूळचा ढाणकीचा. लहानपणी उमरखेडच्या एसटी गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या आणि पाहुणे आले की अब्बू त्या कौतुकाने म्हणून दाखवायला लावायचे. ईदला गळाभेटी सुरू झाल्या की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. त्याला सगळे 'लाजाळू' म्हणायचे. इंजिनिअरिंगची डिग्री घेईपर्यंत हुशारीने सगळं झाकलं गेलं. नोकरीत मात्र झाकेना. दिवसभर माणसांच्या गर्दीत, मीटिंगमध्ये काढून घरी आलो की बायकोशी एक शब्द बोलवत नसे. तिला वाटायचं, मी चिडलोय. प्रकरण माहेरी निघून जाण्यापर्यंत गेलं, तेव्हा मी डॉक्टर शोधला.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत परत पाठवलं. "नोकरी आहे, लग्न झालंय, नजरेला नजर देऊन बोलताय. मग ऑटिझम कसला?" ती नजर मी शिकलोय, समोरच्याच्या भुवयांमध्ये बघायचं, हे सांगायला वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन बैठका घेतल्या. ऑटिझमची रक्ततपासणी नसते, स्कॅन नसतो. लक्षणं लहानपणापासून होती का, हे पाहावं लागतं. जबाबदाऱ्या वाढल्यावरच ती ठळक दिसू लागली, असंही होऊ शकतं. म्हणून त्यांना माझ्याइतकंच माझ्या आईशी बोलायचं होतं.

अम्मी फोनवर एवढंच म्हणाली, "मेरा बच्चा पागल नई है." मग हळू आवाजात, बहिणीच्या रिश्त्याची बोलणी चालली आहेत, हे बाहेर काढू नकोस. मी रागावलो नाही. तिची भीती खोटी नव्हती.

आठवड्याने तिचाच फोन आला. तू एकाच ताटात जेवायचास, म्हणाली. दुसऱ्या ताटाला हात लावायचा नाहीस. म्हणून लग्नाला जाताना ती ते ताट पिशवीत घेऊन जायची, आणि जावा हसायच्या. निदानाच्या तीस वर्षं आधी ती एकटीच माझी सोय करत होती. तिला फक्त नाव माहीत नव्हतं.

'माय नेम इज खान' (२०१०) आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय, आणि त्यातलं एकच वाक्य आपल्याला पाठ आहे. रिझवानचा आजारही मोठेपणी, अमेरिकेत गेल्यावर, वहिनीने ओळखला. ते आपण विसरलो. (आजार हा शब्दही चूकच, पण सवय जात नाही.)

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण खासगी निदान वेगळं आणि सरकारी प्रमाणपत्र वेगळं. त्यासाठी वापरली जाणारी ४० मुद्द्यांची आयएसएए मोजपट्टी मुख्यतः मुलांना समोर ठेवून बनली आहे. ७०पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही. कमावत्या माणसाची झाकपाक तिला कशी दिसणार? प्रौढांसाठी वेगळी पद्धत हवी, आणि ती मागणी आपणही करायला हवी. ढाणकीच्या पोराने यवतमाळ किंवा नांदेड गाठायचं, रोजी बुडवायची, आणि तिथे "तुम्ही तर ठीक दिसता" ऐकून परत यायचं, हे चालणार नाही. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं.

मी मुलगा होतो, पगार होता, म्हणून फी भरून तपासणी करून घेऊ शकलो. आपल्या घरांत गप्प बसणाऱ्या मुलीला शहाणी म्हणतात. तिला कोण नेणार तपासायला? तिचं ताट कुणी पिशवीत घातलं होतं का, हे तिच्या आईला विचारायला हवं, आणि तेही रिश्त्याची बोलणी सुरू होण्याआधी.