गाचा गाचा... पोन!

पिंपळे गुरवचा फ्लॅट भाड्याचा, हिंजवडीतलं डेस्क कंपनीचं. मग आपलं म्हणावं असं काय? मॉनिटरखाली उभी असलेली ही बोटभर उंचीची जपानी मंडळी!

यांना म्हणतात गाशापोन. मशीनची मूठ फिरवली की ‘गाचा गाचा’, कॅप्सूल खाली पडली की ‘पोन’. जपानमध्ये हा खेळ १९६५ पासूनचा. बांदाई कंपनी त्यात १९७७ मध्ये उतरली. आत कोण निघेल, ते तुमचं नशीब! २०१२ मध्ये आलेली फुचिको तर आपल्यातलीच. ऑफिसच्या युनिफॉर्ममध्ये कपाच्या काठावर निवांत बसलेली. चहा गार होवो, डेडलाइन चुको, हिला घाई नाही!

आता हिशेब. सहांचा सेट, सगळ्यांची शक्यता सारखी धरली, तर तो पूर्ण व्हायला सरासरी १५ वेळा मूठ फिरवावी लागते. एका वेळचे ३०० येन धरले तरी साडेचार हजार येन, आणि वर नऊ डबल!

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे घेताना आपण तलवार न मोडलेला मावळा निवडून घ्यायचो. इथे निवडच नाही. पण खरा फंडा त्या डबलमध्येच आहे. बदली करायला माणूस शोधावा लागतो. मग वर्षभर लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारा पलीकडच्या टीममधला कुणीतरी विचारतो, ‘‘ही लोंबकळणारी डबल आहे का रे?’’

तयार सेट ऑनलाइन मिळतो, झटपट. पण त्याच्यासोबत डबल येत नाहीत... आणि तो विचारणाराही!