दादरला उतरण्यापूर्वी

नोव्हेंबर सरत आला की शिंदखेड्याच्या कोर्टाच्या आवारात माझ्याकडे पक्षकारांपेक्षा वाट विचारणारे जास्त येतात. "भाऊ, दादरले कथा उतरनं?" प्रश्न साधा आहे. पण अनोळखी गावात आपल्या माणसाला वाट मिळणे ही गोष्ट कधीच साधी नव्हती.

23 ऑक्टोबर 1929 चा प्रसंग आठवा. धुळ्याचे काम आटोपून बाबासाहेब चाळीसगावला उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, पण हाकणारा नाही. शेवटी आपल्यातलाच एक जण बसला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचे पायाचे हाड मोडले. विलायतेहून शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत! हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. धुळ्याहून रेल्वेने मुंबईला जाताना आजही चाळीसगाव लागते. तिथे गाडी थांबली की मुलांना तो सांगा.

आता दादरचे. चाळीसगावमार्गे जाणारे मध्य रेल्वेच्या बाजूला उतरतात, सुरतमार्गे जाणारे पश्चिम रेल्वेच्या. फलाटांचे जुने नंबर विसरा; 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असे सलग नंबर आहेत. चैत्यभूमी पश्चिमेला, सुमारे दोन किलोमीटर. पुलावरून पश्चिमेला या आणि शिवाजी पार्ककडे चालत जा. तिकीट काढा आणि परतेपर्यंत जपून ठेवा. 'फुकटे' म्हणणाऱ्यांचे तोंड त्या कागदानेच बंद होते. लहान मुलांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवा, गर्दीत मोबाईलचा भरवसा नाही. सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर लोकलमध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन चढू नका. डबा नीट पाहा. कायद्याचा विद्यार्थी असताना मी स्वतः घाईत फर्स्ट क्लासमध्ये चढलो होतो आणि दंड भरून कायदा शिकलो!

पण बांधवांनो, माझे खरे सांगणे पुढेच आहे. आपण रात्रभर रांगेत उभे राहतो, अभिवादन करतो, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतो आणि परततो. मुंबई तेवढीच का? दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. ग्रंथांसाठी बांधलेले ते घर. 1956 साली अंत्ययात्रा तिथूनच निघाली. मध्य रेल्वेवर दादरच्या पुढचेच स्टेशन परळ. तिथल्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये बाबासाहेब 1912 ते 1934 राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवणारा माणूस कामगारांच्या या चाळीत राहून चळवळ उभी करत होता, हे त्या जिन्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मात्र चाळींत आणि घरांत माणसे राहतात, हे विसरू नका. आवाज बेताचा ठेवा, न विचारता फोटो काढू नका. पुढे सीएसएमटीला उतरून चालत गेले की फोर्टमध्ये त्यांनी 1946 साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. शिकणाऱ्या पोराला ते दाखवाच.

हे पर्यटन नव्हे. 25 जून 2016 च्या पहाटे दादर पूर्वेचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसची वास्तू पाडली गेली. संताप उसळला, मोठा मोर्चा निघाला. पण स्वतःला विचारा, दरवर्षी दादरला येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ती प्रेस पडण्यापूर्वी पाहिली होती? मी पाहिली नव्हती. रांगेपासून ती फार लांब नव्हती, तरी मी कधी तिकडे वळलो नाही. कोर्टात आम्ही वहिवाटीला किंमत देतो. ज्या वाटेने माणसे रोज जातात, ती सहजासहजी बुजवता येत नाही. ज्या वास्तूची वाट लोकच विसरले, तिच्यासाठी उद्या कोण उभे राहणार?

म्हणून यंदा एक दिवस जादा काढा. गावातल्या एका तरुणाला हे पत्ते पाठ करायला लावा आणि पुढच्या वर्षी त्यालाच वाट दाखवू द्या. चाळीसगावला बाबासाहेबांना वाट माहीत असलेला हाकणारा मिळाला नाही. आपल्या मुलांना तो मिळाला पाहिजे, आणि तो आपल्यातलाच असला पाहिजे.

जयभीम!