खुडूक कोंबडीचा विसावा

लोणंदची ख्याती कांद्याची आणि शेळ्या-मेंढ्यांची बाजारपेठ म्हणून आहे. भोवतालच्या भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या परसातील चार-सहा कोंबड्यांना मात्र बाजारभावाच्या तक्त्यात स्थान नाही. वास्तविक अंड्यांचा पैसा हा घरातील स्त्रीच्या हाती थेट पडणाऱ्या मोजक्या पैशांपैकी होय. म्हणूनच एखाद्या कोंबडीचे अंडे वारंवार अडते, अंडनलिका बाहेर येते किंवा बलक पोटात सांडून दाह होतो, तेव्हा तो प्रश्न क्षुल्लक मानणे हा दृष्टीचा दोष आहे.

या दुखण्याचे मूळ उत्पादनपद्धतीत आहे. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. गावठी कोंबडी काही दिवस अंडी घालून खुडूक बसते आणि तेवढा काळ तिच्या अंडाशयाला विसावा मिळतो. कारखानदारी कुक्कुटपालनाने निवड पैदाशीतून हा खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केला, दिव्यांच्या उजेडाने दिवस १६ तासांचा केला आणि वर्षाला ३०० हून अधिक अंडी मिळवली. प्रत्येक कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाद्यातून न मिळाल्यास हाडांतून ओढले जाते, स्नायू दुबळे होतात आणि अंडे अडते. कामाचा दिवस लांबवून नफा वाढविण्याची ही रीत कामगार चळवळीला अपरिचित नाही.

स्वस्त अंडे हे गरिबाचे प्रथिन आहे, हा आक्षेप रास्त आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे विचारलेच पाहिजे. अधिक अंड्यांच्या आशेने सुधारित जातीचा पक्षी परसात येतो. त्याच्या वाढीव गरजांची पूर्तता मात्र येत नाही. कोंबडी आजारी पडली की उपचाराचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होतो, म्हणून ती कापली वा विकली जाते. एका घरापुरता हा हिशेब बरोबर आहे. समाजाच्या दृष्टीने चूक आहे, कारण कारण कायम राहते आणि पुढची कोंबडी त्याच वाटेने जाते.

अडलेल्या कोंबडीला कोमट पाण्याचा शेक, अंधारी शांत जागा आणि कॅल्शियम दिल्यास तात्पुरता आराम पडतो. दुखणे उलटू लागले की प्रतिबंध हाच खरा मार्ग उरतो. अंडी देणाऱ्या पक्ष्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. तलंगांना तो अंड्यावर येण्यापूर्वी देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. रात्री खुराड्यात दिवा जाळू नये. श्वसननलिकेच्या संसर्गजन्य दाहाचा रोग पिलांच्या अंडनलिकेला कायमची इजा करू शकतो, म्हणून मानमोडीबरोबरच या रोगाच्या लसीचाही आग्रह धरावा.

हे एकट्या-दुकट्या स्त्रीच्या आवाक्यातले नाही. लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रतिसरकारच्या या नेत्याचे नाव धारण करणाऱ्या संस्थेचे ज्ञान परसापर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. गाय-म्हशींप्रमाणे कोंबड्यांचीही दवाखान्यात नोंद व्हावी, आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणी आणि लसीकरण व्हावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी महिला मंडळांना बरोबर घेऊन ग्रामसभेत मांडली पाहिजे. तिची सुरुवात गावातील मेलेल्या कोंबड्यांची कारणांसह यादी करण्यापासून होऊ शकते.